चार दिवे, एक बटण आणि पावसातल्या झिणझिण्या

वाचकाचं पत्र:

"घराभोवती बाग आहे आणि चार ठिकाणी एलईडीचे फ्लडलाइट लावलेत, प्रत्येकी २० वॅटचे. एक फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर, एक मागच्या दाराशी, एक बाजूच्या बोळात आणि एक बागेच्या टोकाला झाडांपाशी. चारही दिव्यांचं बटण एकच, तेही पुढच्या दाराबाहेर भिंतीवर. संध्याकाळी लावायचं विसरतो, लावलं तर सकाळी बंद करायचं विसरतो. भर दुपारीही दिवे चालू असतात. गेल्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास मागे खुडबुड ऐकू आली. दिवा लावायचा तर दार उघडून बाहेर जायला हवं होतं, तेवढा धीर झाला नाही. बटण आता बदलायचंच आहे, कारण ते गंजलंय आणि पावसात हात लावला की जरा झिणझिण्या येतात. मुलगा म्हणतो मोबाइलवर चालणारं घे, शेजारी म्हणतात अंधार पडला की आपोआप लावणारं घ्या, दुकानदार म्हणतो हालचाल टिपणारा सेन्सर घ्या. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, पहाटे काठी घेऊन बागेत फेऱ्या मारतात. या तिघांपैकी कोणाचं ऐकू?"

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यांत गंभीर गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलतो, बटण निवडायचं नंतर.

पावसात बटणाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, म्हणजे डब्यात पाणी शिरलंय आणि फेजचा, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेचा, करंट ओलीतून बाहेरच्या भागापर्यंत पोचतोय. आज नुसत्या झिणझिण्या आल्या, कारण तुमचा हात कोरडा असेल किंवा पायात चप्पल असेल. ओला हात आणि ओल्या जमिनीवर अनवाणी पाय असले, तर तोच दोष माणसाला सोडत नाही. आणि तुमच्या घरात पहाटे बागेत जाणाऱ्या ७८ वर्षांच्या बाई आहेत. हे वाचून झालं की डीबीपाशी, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनींच्या खटक्यांच्या डब्यापाशी जा, बागेच्या दिव्यांचा एमसीबी, म्हणजे त्या लाइनचा खटका, खाली पाडा आणि त्यावर कागद चिकटवा, म्हणजे घरातलं कोणी चुकून वर करणार नाही. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत बाग अंधारात राहिली तरी चालेल.

तो आला की दोन गोष्टी त्याच्याकडून तपासून घ्या. पहिली, बटणातून फेज जातो की न्यूट्रल, म्हणजे परतीची तार. जुन्या कामांत कधीकधी न्यूट्रल तोडलेला सापडतो. मग बटण बंद असलं, दिवा विझलेला असला, तरी फिटिंगमध्ये फेज उभाच असतो. दुसरी, बागेच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का आणि ती चालते का. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडायच्या आत ती लाइन तोडते, कारण तो फरक कोणाच्या तरी शरीरातून जमिनीत जात असू शकतो. एमसीबी हे काम करत नाही. तो वायर तापून जळू नये म्हणून असतो आणि पडायला त्याला कित्येक अँपिअर लागतात. माणसाचा जीव जायला त्याचा लहानसा अंशही पुरतो. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दाबल्यावर ती खटकन पडली पाहिजे. तुम्हाला झिणझिण्या आल्या त्या वेळी ती पडल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हे आवर्जून लिहितोय. अर्थिंग दिव्यांपर्यंत खरंच पोचलंय का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यायला सांगा.

आता तुमचा प्रश्न. मुलगा, शेजारी आणि दुकानदार, तिघांचंही बरोबर आहे, पण तिघं वेगवेगळ्या दिव्यांबद्दल बोलतायत. तुमच्या चार दिव्यांची कामं चार आहेत. वाटेवरचा दिवा येणाऱ्या-जाणाऱ्याला पायाखालचं दिसावं म्हणून आहे, मागच्या दारचा कोणी आलं तर कळावं म्हणून. बोळातल्या दिव्याचं कामही जवळपास तेच. झाडांपाशीचा बहुधा शोभेचा आहे. या चौघांना एका बटणाखाली बांधलंय, त्यामुळे एकाची गरज भागवायला चारही जळतात, नाहीतर चारही विझतात. नवं बटण कितीही चांगलं आणलंत तरी ही अडचण तशीच राहील. म्हणून पहिलं काम म्हणजे लाइन वेगळ्या करून घ्या. निदान तीन भाग हवेतच: वाट एकीकडे, मागचं दार आणि बोळ दुसरीकडे, झाडांपाशीचा दिवा तिसरीकडे.

पण त्याहीआधी एक गोष्ट, जी तिघांपैकी कोणीच सांगितली नाही. तुम्हाला घराच्या आत, झोपण्याच्या खोलीत, पलंगावरून हात पोचेल असं एक साधं बटण हवं. त्याला ना सेन्सर हवा, ना घड्याळ, ना मोबाइल. ते दाबलं की मागचा आणि बोळातला दिवा लागलाच पाहिजे, दिवस असो की रात्र, सेन्सरला काही दिसलेलं असो की नसो. गेल्या आठवड्यात रात्री दोन वाजता तुम्हाला याच बटणाची गरज होती. सुरक्षेचा दिवा लावायला दार उघडून बाहेर जावं लागत असेल, तर तो दिवा तुम्हाला धोक्याकडेच नेतो. बाहेरच्या भिंतीवरचं बटण काढूनच टाका. डबा बुजवून घ्या आणि तारा आत वळवा.

हे जोडायला फार अवघड नाही. सेन्सरला कायमचा फेज आणि न्यूट्रल मिळतो, आणि सेन्सरला हालचाल दिसली की तो फेज पुढे दिव्याला देतो. आतलं बटण या सेन्सरला समांतर जोडायचं: एक टोक कायमच्या फेजवर, दुसरं सेन्सरकडून दिव्याला जाणाऱ्या तारेवर. बटण दाबलं की सेन्सरला वळसा घालून फेज थेट दिव्याकडे जातो. बटण बंद केलं की कारभार पुन्हा सेन्सरकडे येतो. दोन्ही फेज एकाच एमसीबीमधून आलेले हवेत, एवढं मात्र इलेक्ट्रिशियनला बजावून सांगा. घरात तीन फेज असतील आणि बटणाला एक नि सेन्सरला दुसरा जोडला, तर बटण दाबल्याक्षणी दोन फेजचा शॉर्ट होतो. खालच्या मजल्यावरूनही हेच दिवे लावता यावेत असं वाटत असेल तर एका बटणाऐवजी टू-वेची जोडी घ्या, एक खाली आणि एक खोलीत. सेन्सरवाला दिवा पटकन बंद-चालू केला की कायमचा चालू राहतो, अशी सोय काही कंपन्या देतात. मी त्यावर विसंबत नाही. घाबरलेल्या माणसाला रात्री दोन वाजता असं तंत्र आठवत नाही.

आता एकेका दिव्याकडे येऊ.

वाटेवरच्या दिव्याला शेजाऱ्यांचा सल्ला लागू पडतो: अंधार पडला की लागायचा, उजाडलं की विझायचा. ते करायचे दोन मार्ग आहेत. फोटोसेल प्रकाश मोजतो. लक्स हे उजेडाचं माप, आणि बहुतेक फोटोसेल ५ ते २० लक्सच्या आसपास दिवा लावतात. भर उन्हात एक लाखाच्या घरात लक्स असतात आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्ससुद्धा भरत नाही, त्यामुळे चांदण्यानं तो फसत नाही. फसतो तो आपल्याच दिव्याच्या उजेडानं. फोटोसेल दिव्याच्या झोतात बसवला तर दिवा लागतो, फोटोसेलला उजाडल्यासारखं वाटतं, तो दिवा विझवतो, पुन्हा अंधार होतो, आणि हे रात्रभर चालतं. माझ्या स्वतःच्या घरी पहिला फोटोसेल मी असाच फिटिंगच्या खाली लावला होता, आणि सकाळपर्यंत अंगण मिचमिचत होतं. तो उघड्या आकाशाकडे तोंड करून, दिव्याच्या वर किंवा मागे बसवायचा. वर्षातून दोनदा त्याची काच फडक्यानं पुसायची, कारण धूळ आणि कोळ्याची जाळी साठली की तो दुपारीच संध्याकाळ झाल्याचं ठरवतो.

दुसरा मार्ग म्हणजे अॅस्ट्रो टायमर, आणि तुमच्यासाठी मी तोच सुचवीन. हा डीबीमध्ये, एमसीबीच्या शेजारी पट्टीवर बसतो. त्यात तारीख, वेळ आणि तुमच्या जागेचे अक्षांश-रेखांश भरले की रोजचा सूर्यास्त आणि सूर्योदय तो स्वतः काढतो. बाहेर काहीच लावायचं नसल्यानं पाऊस, धूळ, कोळी यांचा प्रश्नच उरत नाही. साध्या टायमरला हे जमत नाही. खुंट्यांच्या चकतीवर सहाची वेळ लावली तर तो वर्षभर सहालाच दिवा लावतो, सूर्य केव्हाही मावळो. शिवाय त्याची मोटर विजेवर चालते. तासभर वीज गेली की घड्याळ तासभर मागे पडतं, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. अॅस्ट्रो टायमर घेताना त्यात वीज गेल्यावर वेळ राखणारी बॅटरी आहे का, एवढं विचारा.

रात्रभर वाट उजळायची तर २० वॅटचा एक दिवा १२ तासांत पाव युनिटपेक्षाही कमी वीज घेतो. चारही दिवे रात्रभर चालवले तर साधारण एक युनिट होतं, आणि आत्तासारखे दिवसाही राहिले तर त्याच्या दुप्पट. म्हणून वाटेवरचा एक दिवा रात्रभर ठेवायला कचरू नका. सासूबाई पहाटे बाहेर पडतात, तेव्हा पहिल्या पायरीपासून उजेड असलेला बरा. शक्य असेल तर या दिव्याचा रंग पिवळसर, म्हणजे ३००० केल्विन किंवा त्याहून कमी निवडा. निळसर पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त धावतात, आणि रात्रभर चालणाऱ्या दिव्याभोवती त्यांचा ढीग पडतो.

मागचं दार आणि बोळ यांना मात्र दुकानदाराचा सल्ला योग्य आहे: हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर. अंधारात अचानक लागलेला दिवा आतल्याला कळतो आणि बाहेरच्यालाही. पण हा सेन्सर नेमकं काय पाहतो ते समजून घ्या, कारण तो कुठे लावायचा हे त्यावरच ठरतं. तो माणसाला पाहत नाही, उष्णतेतला बदल पाहतो. त्याच्या पुढच्या प्लास्टिकच्या भिंगावर लहान लहान खण असतात आणि प्रत्येक खण समोरच्या जागेचा एक पट्टा बघतो. गरम अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की सेन्सरला हालचाल कळते. त्यामुळे समोरून आडवा जाणारा माणूस त्याला लगेच दिसतो आणि सरळ त्याच्याच दिशेनं चालत येणारा खूप उशिरा.

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण पटलं ते वडिलांमुळे. दारावर, वाटेच्या बरोबर समोर सेन्सर लावला होता. आम्ही घरातली सगळी भराभर चालणारी माणसं, हात हलवत येणारी, आमच्यासाठी दिवा वेळेवर लागायचा. वडील काठी टेकत, पाऊल मोजत यायचे, नेमके सेन्सरच्या दिशेनं सरळ. त्यांच्यासाठी दिवा लागायचा तो शेवटच्या पायरीवर, म्हणजे अंधारातल्या बाकीच्या पायऱ्या ओलांडून झाल्यावर. त्यांनी कधी तक्रार केली नाही. एका रात्री मीच खिडकीतून ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सेन्सर बाजूच्या भिंतीवर हलवला. तुमच्या घरी सासूबाईंची वाट सेन्सरच्या भरवशावर ठेवू नका, असं मी म्हणतो ते म्हणूनच.

तर मागच्या बाजूला सेन्सर असा बसवा की दाराकडे येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल. उंची दोन ते अडीच मीटर पुरते. त्याहून खूप वर नेला तर भिंतीजवळची जागा त्याच्या नजरेतून सुटते. बोळात तो टोकाच्या भिंतीवर, बोळाकडे तोंड करून लावायचा मोह होतो. त्याऐवजी तोंडाशी, बोळात शिरणारा आडवा ओलांडेल असा लावा. समोर एसीचं बाहेरचं युनिट, गरम हवेचं धुरांडं किंवा वाऱ्यावर हलणारी फांदी नको, नाहीतर दिवा रात्रभर विनाकारण लागेल आणि आठवड्याभरात तुम्ही त्याकडे लक्ष देणंच सोडाल. खिडकीच्या आतून, काचेतून बाहेर बघणारा सेन्सर कोणी सुचवला तर घेऊ नका. साध्या काचेतून ही उष्णता आरपार येत नाही. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवा. बाहेरची हवाच अंगाइतकी, म्हणजे ३५ अंशांच्या वर तापलेली असेल, तर माणूस आणि पार्श्वभूमी यांतला फरक पुसट होतो आणि सेन्सर मंदावतो. कडक उन्हाळ्यातल्या रात्री तो दगा देऊ शकतो. पलंगाजवळचं बटण अशा वेळीही हवं.

मायक्रोवेव्ह सेन्सरही दाखवतील. तो उष्णतेवर अवलंबून नसतो, हे खरं. पण पातळ भिंत, लाकूड आणि काच यांच्या पलीकडची हालचालही तो टिपतो. घरात कोणी पाणी प्यायला उठलं तरी बोळात दिवा लागेल. तुमच्या बोळासाठी तो नकोच.

झाडांपाशीच्या दिव्याला कसलंही स्वयंचलित काही लावू नका. त्याला आत एक स्वतंत्र साधं बटण द्या, हवा तेव्हा लावा. झाडांवर आणि पाखरांवर रात्रभर झोत मारण्यानं सुरक्षा वाढत नाही. उलट झोतापलीकडचा अंधार आणखी गडद दिसतो. शेजाऱ्यांच्या खिडकीत तो जात असेल तर फिटिंग खाली वाकवून घ्या.

आता मुलाचं म्हणणं. मोबाइलवर चालणाऱ्या बटणाचा खरा उपयोग तुम्ही गावाला गेल्यावर आहे. दूर बसून दिवा लावता-विझवता येतो, वेळा बदलता येतात. त्याला हवं तर झाडांपाशीच्या दिव्याला तसं बटण लावू द्या, त्याची हौस भागेल आणि काही अडणारही नाही. घेताना दोन गोष्टी बघा. अशी बहुतेक बटणं चालायला न्यूट्रल मागतात आणि जुन्या घरांत बटणाच्या डब्यात न्यूट्रल आणलेलाच नसतो. न्यूट्रलशिवाय चालणारी मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडासा करंट घेत राहतात, त्यामुळे बंद केलेला एलईडीही मंद जळतो किंवा लुकलुकतो. दुसरं, वीज जाऊन आल्यावर बटण कोणत्या स्थितीत येतं ते सेटिंगमध्ये ठरवून ठेवा. भिंतीवर हातानं दाबायची सोय नसलेलं मात्र अजिबात घेऊ नका. मागच्या दारचा दिवा वायफायच्या भरवशावर मी ठेवणार नाही. जाड भिंतीपलीकडे सिग्नल कधी पोचतो, कधी नाही.

खरेदीला जाल तेव्हा सेन्सर किंवा टायमरच्या खोक्यावरचे दोन आकडे वाचा. पहिला लोडचा. त्यावर ठळक अक्षरांत, समजा, १००० वॅट लिहिलेलं असतं, पण तो आकडा जुन्या तारेच्या बल्बसाठी आहे. खाली बारीक अक्षरांत एलईडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो, तो बराच कमी असतो. एलईडी फिटिंगमधला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज करून देणारा भाग, चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. त्या झटक्यानं सेन्सरमधल्या रिलेचे, म्हणजे आतल्या छोट्या खटक्याचे, पॉइंट हळूहळू एकमेकांना चिकटतात आणि मग दिवा विझतच नाही. तुमचे दोन दिवे मिळून ४० वॅटच आहेत, तरी एलईडीचा आकडा छापलेलाच नसेल तर तो माल परत ठेवा. पुढे दिवे वाढवायचे ठरलं तर मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेनं ओढला जाणारा दणकट खटका, घालून घ्या. सेन्सरनं फक्त कॉन्टॅक्टर ओढायचा, लोड कॉन्टॅक्टरनं पेलायचा.

दुसरा आकडा आयपीचा. पहिला अंक धुळीबद्दल, दुसरा पाण्याबद्दल सांगतो. आयपी ४४ म्हणजे उडालेलं पाणी सोसेल. पागोळीखाली, छज्जाच्या आडोशाला चालेल. उघड्यावर आयपी ६५ हवा, तो धूळ पूर्ण अडवतो आणि पाण्याचा झोतही झेलतो. पण डब्यावर ६५ छापलेलं असून त्यात वरून भोक पाडून केबल घुसवली, तर त्या छापाला काही अर्थ राहत नाही. केबल खालून, रबरी ग्लँडमधून आत जाऊ द्या, आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोलावरून गळून जाईल. तुमचा जुना डबा नेमका इथेच हरला असणार, असा माझा अंदाज आहे. उघडाल तेव्हा केबल कुठून आत गेली होती ते बघा.

सगळं बसवून झालं की काळोख पडल्यावर एक काम करायचं राहील. इलेक्ट्रिशियनला शिडीवर, सेन्सरपाशी थांबवा. सेन्सरवर बहुधा तीन स्क्रू असतात, एक अंतराचा, एक वेळेचा, एक उजेडाचा. वेळ दोन-तीन मिनिटांची ठेवा, कारण दहा सेकंदांत विझणारा दिवा कुलूप उघडायलाही पुरत नाही. मग मुलाला पळत पाठवू नका. सासूबाईंना त्यांची काठी घेऊन, त्यांच्या नेहमीच्या चालीनं मागच्या दारातून निघून बागेत एक फेरी मारू द्या, तुम्ही त्यांच्या मागे चार पावलं ठेवून चाला, आणि दिवा कुठे लागतो ते पाहत स्क्रू फिरवून घ्या.